माणसाच्या जागी मॉडेल: सामाजिक शास्त्रांतील संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता आज कुठे उभी आहे?

प्रश्न असा आहे: समाजशास्त्रात पीएच.डी.ला नुकताच प्रवेश घेतला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सामाजिक शास्त्रे यांच्या सीमेवर सध्या नेमके कोणते संशोधन चालू आहे? मुलाखतींचे कोडिंग (म्हणजे उताऱ्यांना ठरलेले वर्ग देणे) लँग्वेज मॉडेलकडून (चॅटजीपीटीसारख्या मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रणालीकडून) करून घेतले, किंवा सर्वेक्षणात माणसांऐवजी मॉडेललाच प्रश्न विचारले, तर ते परीक्षकांसमोर टिकेल का?

आधी थोडक्यात सांगतो. कोडिंग टिकेल, पण यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, निवडलेला काही भाग तुम्ही स्वतः हाताने कोड केला असेल आणि त्या भागात सापडलेली चूक अंतिम आकड्यांत दुरुस्त केली असेल तरच. माणसांऐवजी मॉडेलला विचारलेले प्रश्न मात्र प्रबंधाचा मुख्य पुरावा म्हणून आज टिकणार नाहीत. प्रश्नावलीची पूर्वतपासणी म्हणून ते उपयोगी आहेत. आता या दोन वाक्यांमागची कारणे पाहू, कारण परीक्षक कारणेच विचारणार आहेत.

या क्षेत्रातले शोधनिबंध वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. निबंधात मॉडेल कोणाच्या जागी उभे आहे, हे मी सर्वांत आधी शोधतो. काही निबंधांत ते संशोधन-साहाय्यकाच्या जागी असते, म्हणजे मजकूर वाचते, वर्गीकरण करते, छायाचित्रांवरून अंदाज बांधते. काहींत ते उत्तरदात्याच्या जागी असते, म्हणजे मत देते, खेळ खेळते, प्रयोगात भाग घेते. उरलेल्या निबंधांत ते कोणाच्याच जागी नसते, तर तेच अभ्यासाचा विषय असते. माणसांच्या कामावर, वेतनावर, मतांवर आणि संस्थांच्या निर्णयांवर त्याचा काय परिणाम होतो ते तपासले जाते. या तिन्ही भूमिकांत पुराव्याचे निकष वेगळे आहेत, आणि तिन्हींची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते.

दोन्ही शास्त्रांचे नाते तसे जुने आहे. १९५६ साली ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारा प्रोग्राम उभा करणारे हर्बर्ट सायमन मूळचे राज्यशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते संस्थांमधील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. आजच्या लाटेची सुरुवात मात्र २००९ पासून मोजण्याची पद्धत आहे, कारण त्या वर्षी डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात संगणकीय सामाजिक शास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून मांडली. त्याच सुमारास गूगलने लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारी सेवा सुरू केली होती आणि तिचे मोठे कौतुक चालले होते. पुढे लेझर यांच्याच गटाने २०१४ साली दाखवून दिले की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे या सेवेने फ्लूचे प्रमाण जास्त सांगितले होते. मूळ मॉडेल ५ कोटी शोधशब्दांतून निवड करून अवघ्या १,१५२ नोंदींवर बेतलेले होते. शिवाय शोधयंत्र स्वतः बदलत होते आणि त्याबरोबर लोकांच्या शोधण्याच्या सवयीही बदलत होत्या. मोजपट्टीच हळूहळू ताणली जात असेल तर मापांची संख्या वाढवून काही साधत नाही, आणि लँग्वेज मॉडेलच्या बाबतीत ही अडचण आज अधिकच तीव्र झाली आहे.

दुसरा धक्का २०२० साली बसला आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा होता. मॅथ्यू सालगॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४,२४२ कुटुंबांचा मुलाच्या जन्मापासून गोळा केलेला डेटा १६० संशोधन-गटांपुढे ठेवला. प्रत्येक कुटुंबाविषयी १२,९४२ चले, म्हणजे नोंदवलेल्या बाबी, उपलब्ध होती. मूल १५ वर्षांचे असताना त्याचे शालेय गुण, त्याची चिकाटी, कुटुंबाची आर्थिक ओढाताण, घरातून बेदखल होणे, पालकाची नोकरी जाणे आणि पालकाने नोकरीसाठी प्रशिक्षण घेणे अशा सहा गोष्टींचे भाकीत करायचे होते. सर्वोत्तम ठरलेली गुंतागुंतीची मॉडेल्स केवळ चार चले वापरणाऱ्या साध्या समीकरणापेक्षा किंचितच सरस ठरली, आणि एकूण भाकीत दोन्हींचे कच्चेच होते. सामाजिक शास्त्रांतले बहुतेक लोक हा निकाल ऐकून सुखावले, पण सुखावण्यासारखे त्यात फारसे नव्हते. कारण ज्या चलांना आपण पिढ्यानपिढ्या आयुष्य घडवणारे घटक म्हणत आलो, ती सगळी हाताशी असूनही एका कुटुंबाचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही, हेही त्यातूनच सिद्ध होते.

भाकिताविषयी आणखी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ साली १७ ज्ञानशाखांतील २९४ निबंधांना बाधा पोहोचवणारी एक चूक समोर आणली, ती म्हणजे चाचणीसाठी राखून ठेवलेल्या डेटातली माहिती प्रशिक्षणात झिरपणे. यादवी युद्धांचे भाकीत करणारे काही गाजलेले निबंध त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा ही गळती बंद करताच गुंतागुंतीच्या मॉडेल्सची आघाडी नाहीशी झाली आणि जुने लॉजिस्टिक समीकरण, म्हणजे हो-नाही निकालांसाठीचे साधे सांख्यिकीय समीकरण, त्यांच्या बरोबरीला आले. तुम्ही भाकिताचे काम करणार असाल तर हा निबंध आधी वाचा.

आता तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे, म्हणजे कोडिंगकडे वळतो. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सामाजिक शास्त्रांत लँग्वेज मॉडेलचा सर्वाधिक वापर येथेच होतो आहे आणि सर्वाधिक निष्काळजीपणाही येथेच दिसतो.

२०२३ साली फाब्रित्सियो जिलार्डी आणि सहकाऱ्यांनी काही हजार ट्विट आणि बातम्यांचे वर्गीकरण चॅटजीपीटीकडून आणि ऑनलाइन मजुरी करणाऱ्या कामगारांकडून करून घेतले व दोन्हींची तुलना प्रशिक्षित साहाय्यकांच्या कोडिंगशी केली. मॉडेल बहुतेक कामांत कामगारांपेक्षा अचूक निघाले आणि खर्च दर नोंदीला ०.००३ डॉलरपेक्षा कमी आला. या निबंधानंतर जणू धरण फुटले. महिनोन् महिने चालणारे काम एका दुपारी होऊ लागले, आणि निबंधांच्या पद्धती-विभागात ‘अचूकता ९० टक्के आढळली’ एवढे एक वाक्य पुरेसे मानले जाऊ लागले.

हे ९० टक्के प्रत्यक्षात काय करतात ते एका काल्पनिक उदाहरणात हिशेब मांडून पाहू. समजा, १०,००० प्रतिक्रियांपैकी १० टक्के खरोखर अपमानकारक आहेत. मॉडेल अपमानकारक असलेल्या दर १०० प्रतिक्रियांपैकी ९० ओळखते आणि नसलेल्या दर १०० पैकी ९० बरोबर बाजूला ठेवते. म्हणजे अपमानकारक १,००० पैकी ९०० सापडतील, आणि उरलेल्या ९,००० पैकी आणखी ९०० वर चुकीने तोच शिक्का बसेल. तुमच्या तक्त्यात प्रमाण येईल १८ टक्के, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याहून वाईट गोष्ट अशी की नोंदी १०,००० असल्यामुळे ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिच्या आत असावा असे गणित सांगते ती पट्टी, साधारण १७.२ ते १८.८ एवढी अरुंद येईल आणि खरा आकडा तिच्या आसपासही नसेल. याच उदाहरणात कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळणारी उत्तरे वगळून एकमत मोजणारा निर्देशांक (पूर्ण एकमत म्हणजे १), काढला तर तो ०.५९ येतो, म्हणजे ‘९० टक्के अचूकता’ या शब्दांतून जेवढा भरवसा वाटतो त्याच्या बराच खाली. कप्पा न देता केवळ अचूकता देणारा निबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला की मी तो याच एका मुद्द्यावर परत पाठवतो.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. समजा, दोन गट आहेत आणि दोन्हींत अपमानकारक प्रतिक्रियांचे खरे प्रमाण सारखेच, १० टक्के आहे. पण दुसऱ्या गटाची बोलण्याची ढब मॉडेलला कमी परिचित असल्याने त्यातल्या निरुपद्रवी प्रतिक्रियांपैकी ९० ऐवजी ८० टक्केच ते बरोबर ओळखते. पहिल्या गटात प्रमाण दिसेल १८ टक्के आणि दुसऱ्यात २७ टक्के. मुळात अस्तित्वातच नसलेला ९ टक्के-बिंदूंचा फरक तुमच्या हाती लागेल, तो सांख्यिकीय कसोटीवर हमखास उतरेल, आणि त्यावर सिद्धान्त रचण्याचा मोह तुम्हाला आवरणार नाही. मॉडेलच्या चुका यादृच्छिक नसतात. बोली, वर्ग, लिंग, वय, उपरोधाची सवय अशा ज्या गोष्टींचा आपण अभ्यास करतो, नेमक्या त्यांच्याशीच त्या चुका जोडलेल्या असतात.

हे मी स्वतः अनुभवून बोलतो आहे. कामाच्या ठिकाणच्या अनुभवांविषयीच्या मुलाखतींत आम्ही ‘समाधान’ असा एक कोड ठेवला होता. ‘ठीक आहे, चाललंय आपलं’ अशा उत्तरांना मॉडेलने सर्रास समाधानाच्या खात्यात टाकले. मुलाखत घेणाऱ्यांच्या टिपणांत मात्र त्या उत्तरांपुढे ‘बराच वेळ गप्प’, ‘विषय बदलला’ असे शेरे होते. अशी उत्तरे स्त्रियांच्या मुलाखतींत अधिक होती, त्यामुळे पहिल्या मसुद्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक समाधानी असल्याचा निष्कर्ष निघाला होता. चूक पकडली ती केवळ एका साहाय्यकाने हट्टाने काही मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली म्हणून.

यावरचा उपाय गेल्या काही वर्षांत पद्धतशीरपणे मांडला गेला आहे. नाओकी एगामी आणि सहकाऱ्यांनी, तसेच अनास्तासिओस अँजेलोपोलोस आणि सहकाऱ्यांनी, २०२३ साली स्वतंत्रपणे जी सांख्यिकीय चौकट दिली तिचा गाभा सोपा आहे. संपूर्ण मजकूर मॉडेलकडून कोड करून घ्यायचा, त्यातला यादृच्छिक नमुना तज्ज्ञांकडून कोड करून घ्यायचा, त्या नमुन्यात मॉडेल सरासरी किती आणि कोणत्या दिशेने चुकते ते मोजायचे, आणि तेवढी दुरुस्ती संपूर्ण अंदाजात व त्याच्या विश्वासमर्यादेत करायची. येथे ‘यादृच्छिक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. सोपे किंवा रोचक वाटलेले उतारे निवडून तपासणी केली तर सगळा डोलारा कोसळतो.

ही दुरुस्ती फुकट मिळत नाही, हेही वरच्याच उदाहरणात दिसते. त्या १०,००० प्रतिक्रियांपैकी ५०० हाताने कोड केल्या आणि दुरुस्तीला तिचा योग्य भार दिला, तर अंतिम अंदाजात जो नेमकेपणा मिळतो तो सुमारे ८०० प्रतिक्रिया केवळ हाताने कोड केल्यावर मिळेल तेवढा असतो. म्हणजे यंत्राने कोड केलेल्या १०,००० नोंदींनी तुमचे हाताचे सुमारे ३०० नोंदींचे काम वाचवले. हा फायदा खरा आहे, पण तो २० पट नाही. मॉडेल जितके अचूक तितका हा फायदा वाढतो, म्हणून कोडची व्याख्या नेमकी लिहिण्यावर आणि मॉडेलला द्यायची सूचना (प्रॉम्प्ट) घासूनपुसून घेण्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही. एक पथ्य पाळा: सूचना सुधारण्यासाठी वापरलेले उतारे आणि अंतिम तपासणीचे उतारे वेगळे ठेवा, नाहीतर कपूर आणि नारायणन यांनी दाखवलेली गळती तुमच्याच प्रबंधात होईल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. माणसांचे कोडिंग तरी कुठे निर्दोष असते? ते नसतेच. दोन प्रशिक्षित साहाय्यकांचे एकमत न होणे हा कोडिंगमधला दोष असतो तसाच तो अनेकदा संकल्पनेविषयीचा पुरावाही असतो, आणि मॉडेलचे एकसुरी उत्तर तो पुरावा पुसून टाकते. गुणात्मक संशोधनात तर कोडिंग ही विचार करण्याचीच पायरी आहे. मुलाखत दहाव्यांदा वाचताना जो वर्ग सुचतो तो आधी कोणत्याच यादीत नसतो. त्यामुळे ३० मुलाखतींचा प्रबंध असेल तर माझा सल्ला सरळ आहे: स्वतः वाचा. ३०,००० प्रतिक्रिया असतील तर वरची चौकट वापरा.

आता दुसरा मुद्दा, म्हणजे मॉडेलला उत्तरदात्याच्या जागी बसवण्याचा. २०२३ साली लिसा आर्गाइल आणि सहकाऱ्यांनी जीपीटी-३ ला अमेरिकेतील खऱ्या सर्वेक्षणातल्या व्यक्तींची पार्श्वभूमी, म्हणजे वय, वंश, पक्षनिष्ठा, उत्पन्न अशी माहिती, प्रथमपुरुषी निवेदनाच्या रूपात दिली आणि त्या व्यक्तीच्या वतीने उत्तरे मागितली. गटागटांतली मतांची रचना माणसांच्या उत्तरांशी चांगली जुळली, आणि अशा नमुन्याला ‘सिलिकॉन नमुना’ हे नाव रूढ झाले. सर्वेक्षणांचा खर्च वाढत असताना आणि लोक उत्तरे द्यायला नकार देत असताना ही कल्पना किती मोहक वाटली असेल, ते वेगळे सांगायला नको.

पण त्यापाठोपाठच तडे दिसू लागले. शिबानी संतुरकर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अमेरिकेतील ६० लोकसंख्या-गटांच्या मतांशी अनेक मॉडेल्सची तुलना केली, तेव्हा ६५ वर्षांवरील लोक किंवा विधवा-विधुर अशा काही गटांची मते मॉडेल्समध्ये फारशी उमटतच नसल्याचे, आणि विशिष्ट गटाच्या वतीने बोलण्याची सूचना देऊनही ही विसंगती पुरती जात नसल्याचे दिसले. जेम्स बिस्बी आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा निबंध मला यांतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांना कृत्रिम उत्तरांच्या सरासऱ्या खऱ्या सर्वेक्षणाशी बऱ्याचशा जुळलेल्या आढळल्या, पण उत्तरांमधला विखुरलेपणा माणसांपेक्षा कितीतरी कमी होता, चलांमधले संबंध अनेकदा वेगळे निघत होते, प्रश्नाच्या शब्दांत किरकोळ बदल केला तरी निकाल हलत होते, आणि तोच प्रश्न तीन महिन्यांनी विचारला तर उत्तर बदलत होते.

विखुरलेपणा कमी असणे ही तांत्रिक तक्रार वाटेल, पण समाजशास्त्रासाठी ती मुळावर घाव घालणारी आहे. एखाद्या गटातली माणसे एकमेकांपेक्षा किती वेगळी आहेत, हाच तर आपला विषय असतो. मॉडेलला ‘एका ग्रामीण, वयस्क, धार्मिक स्त्रीच्या वतीने उत्तर दे’ असे सांगितले की ते त्या वर्णनाचा सर्वांत संभाव्य पुतळा उभा करते. ग्रामीण, वयस्क, धार्मिक असूनही आपल्या भावकीच्या विरोधात मत देणारी स्त्री त्या पुतळ्यात नसते, आणि सामाजिक बदल पाहायचा असेल तर आपल्याला नेमकी तीच हवी असते. त्यात एक जुने दुखणे मिसळते. २०१० साली जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी मानसशास्त्राचे बहुतांश निष्कर्ष पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतल्या लोकांवर आधारलेले असल्याकडे लक्ष वेधले होते. मॉडेल्स ज्या मजकुरावर वाढली तो याच समाजांकडे झुकलेला आहे, त्यामुळे या वर्तुळाबाहेरच्या माणसांच्या वतीने त्यांना बोलायला लावणे म्हणजे पाहुण्याकडून घरच्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासारखे होते.

प्रयोगांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. टव्हर्स्की आणि कानेमन यांचा १९८१ चा प्रसिद्ध साथरोगाचा प्रश्न (तोच पर्याय ‘किती वाचतील’ ऐवजी ‘किती मरतील’ असा मांडला की लोकांची निवड बदलते) मॉडेलला विचारला आणि त्याने माणसांसारखेच उत्तर दिले, तर त्यातून काय सिद्ध होते? तो प्रयोग, त्याचा निकाल आणि त्यावरची असंख्य पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरणे त्याच्या प्रशिक्षणाच्या मजकुरात आहेत. पेपर फुटलेल्या परीक्षेतले गुण म्हणून ते उत्तर वाचावे लागते. म्हणूनच २०२४ साली रॉब विलर यांच्या गटाने केलेल्या कामात अप्रकाशित प्रयोगांचाही समावेश होता हे महत्त्वाचे ठरते. त्यांनी पूर्वनोंदणी झालेल्या, म्हणजे पद्धत आधीच लिहून नोंदवलेल्या, ७० प्रयोगांतील परिणामांचे जीपीटी-४ ने केलेले अंदाज प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिले आणि सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) ०.८५ आढळला. हा आकडा भक्कम आहे. तरी सहसंबंध क्रम सांगतो, आकार सांगत नाही. सगळे परिणाम दुप्पट सांगितले तरी सहसंबंध तोच राहील. कोणता हस्तक्षेप आधी तपासावा हे ठरवायला असा अंदाज उत्तम आहे, पण हस्तक्षेपाचा परिणाम किती झाला हे सांगायला पुरेसा नाही.

या दिशेचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न जून सुंग पार्क आणि सहकाऱ्यांचा आहे. २०२४ साली त्यांनी १,०५२ व्यक्तींच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येक मुलाखतीच्या आधारे त्या व्यक्तीच्या वतीने उत्तरे देणारा एक प्रतिरूप-एजंट तयार केला. प्रमाणित सामाजिक सर्वेक्षणातली त्या व्यक्तीची उत्तरे हे एजंट ८५ टक्के अचूकतेने देऊ शकले, आणि येथे १०० टक्के म्हणजे ती व्यक्ती स्वतः दोन आठवड्यांनी स्वतःच्या उत्तरांशी जेवढी जुळते तेवढे प्रमाण. या निकालाच्या बातम्या ‘यंत्राने माणसाची नक्कल केली’ अशा झाल्या. मला त्यात दिसते ते वेगळेच. ओळखीच्या चार रकान्यांनी जे साधले नव्हते ते माणसाशी दोन तास बोलल्यावर बऱ्याच अंशी साधले, आणि दोन तासांची मुलाखत ही समाजशास्त्राची जुनीच कमाई आहे. माणसांना भेटण्याचा खर्च या पद्धतीतही वाचलेला नाही.

उलट माणसांकडून आलेला डेटाही आता निखळ राहिलेला नाही. २०२३ साली व्हेनियामिन व्हेसेलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन कामगारांना सारांश लिहिण्याचे काम दिले, तेव्हा त्यांच्यापैकी ३३ ते ४६ टक्के लोकांनी लँग्वेज मॉडेल वापरल्याचा अंदाज निघाला. म्हणजे पैसे मोजून माणसांना विचारलेला प्रश्नही अखेर मॉडेलकडेच जातो, आणि आपण ते उत्तर माणसाचे म्हणून दुसऱ्या मॉडेलची परीक्षा घ्यायला वापरतो. ऑनलाइन पॅनेल वापरणार असाल तर मोकळ्या उत्तरांचे प्रश्न कमी ठेवा, चिकटवलेला मजकूर आणि उत्तराला लागलेला वेळ नोंदवा, आणि शक्य असेल तेथे एक छोटा नमुना समोरासमोर घ्या.

तिसऱ्या भूमिकेवर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हाच अभ्यासविषय असलेल्या संशोधनावर, मी घाईने जातो; तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध कमी आहे, जरी माझ्या मते सामाजिक शास्त्रांची खरी ताकद तेथेच आहे. कामाच्या उत्पादकतेवर चांगले प्रयोग झाले आहेत. शाकेद नॉय आणि व्हिटनी झांग यांच्या २०२३ च्या प्रयोगात ४५३ व्यावसायिकांना लेखनाच्या कामाला ४० टक्के कमी वेळ लागला आणि गुणवत्ता १८ टक्क्यांनी वाढली. पण ७५८ व्यवस्थापन-सल्लागारांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, मॉडेलच्या आवाक्याबाहेर मुद्दाम ठेवलेल्या कामात मॉडेल वापरणारे बरोबर उत्तर देण्याच्या बाबतीत १९ टक्के-बिंदूंनी मागे पडले. मतांवरच्या परिणामांबाबत थॉमस कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या २,१९० लोकांचा जीपीटी-४ शी संवाद घडवला. त्यांचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला आणि दोन महिन्यांनंतरही ती घट टिकून होती. पटवून देण्याची हीच क्षमता उलट्या कामालाही वापरता येईल, हे लेखकांनीही नजरेआड केलेले नाही.

न्याय्यतेच्या संशोधनातले एक उदाहरण मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण ते पुन्हा मोजमापावर येऊन थांबते. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील रुग्णालयांत वापरले जाणारे एक अल्गोरिदम तपासले. जादा वैद्यकीय मदतीची गरज कोणाला आहे हे ते ठरवत असे, आणि त्यात वंशाची नोंद नव्हती. पण आजाराची तीव्रता मोजण्यासाठी त्यात उपचारांवर झालेला खर्च हे माप धरले होते, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर, ते तितकेच आजारी असूनही, कमी खर्च होत असे. माप दुरुस्त केले तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. खर्च म्हणजे गरज नव्हे, हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही. संकल्पना आणि तिचे माप यांतल्या अंतराकडे पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय आपल्या शाखेत पहिल्या वर्षापासून लावली जाते.

गृहीतके शोधण्यासाठी यंत्राचा वापर हा आणखी एक रोचक प्रवाह आहे. जेन्स लुडविग आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २०२४ साली न्यायाधीशांच्या कोठडीच्या निर्णयांचे भाकीत आरोपींच्या छायाचित्रांवरून करणारे मॉडेल बांधले आणि मग ते नेमके काय पाहते आहे हे माणसांकडून शब्दांत उतरवून घेतले. नीटनेटकी राहणी आणि चेहऱ्याचा भरीवपणा ही दोन वैशिष्ट्ये पुढे आली, जी आधीच्या साहित्यात नव्हती. यंत्राने बोट दाखवले, नाव माणसांनी दिले. ‘मॉडेलला दहा गृहीतके सुचवायला सांगितली’ या प्रकाराशी याची गल्लत करू नका. त्या दहा गृहीतकांत बहुधा उपलब्ध साहित्याची सरासरी असते, आणि लिसा मेसेरी व मॉली क्रॉकेट यांनी २०२४ साली इशारा दिला तो याच संदर्भात होता: सगळे संशोधक एकाच साधनाने प्रश्न शोधू लागले तर निबंध वाढतील आणि समज आकसेल.

शेवटी तुमच्या प्रबंधापुरते सांगतो. मुलाखती मॉडेलला देण्याआधी उत्तरदात्यांच्या संमतीपत्रात बाहेरच्या सेवेकडे मजकूर पाठवण्याची परवानगी आहे का ते पाहा. नसेल तर नावे खोडणे पुरेसे नाही, कारण तपशीलवार मुलाखतीतून माणूस ओळखता येतो. अशा वेळी स्वतःच्या संगणकावर चालणारे खुले मॉडेल वापरा. त्याचा दुसरा फायदा असा की त्याची आवृत्ती गोठवून ठेवता येते, तर कंपन्यांची मॉडेल्स न सांगता बदलतात आणि जुन्या आवृत्त्या बंद होतात, मग तुमचा निकाल तुम्हालाच पुन्हा काढता येत नाही. मॉडेलचे नाव, आवृत्ती, तारीख, सूचनेचा पूर्ण मजकूर आणि मॉडेलची कच्ची उत्तरे परिशिष्टात द्या. कोणता भाग हाताने कोड करणार, किती, आणि दुरुस्ती कशी करणार हे डेटा पाहण्याआधी लिहून ठेवा व शक्य असेल तर त्याची पूर्वनोंदणी करा. मुख्य निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या मॉडेलने आणि थोड्या बदललेल्या सूचनेने पुन्हा काढून पाहा. तो उलटला तर ती गोष्ट लपवू नका, तिच्यावर एक प्रकरण लिहा. सिलिकॉन नमुना वापरायचाच असेल तर प्रश्नावली माणसांपुढे नेण्यापूर्वी कोणते प्रश्न संदिग्ध आहेत, कोणते पर्याय सुटले आहेत हे शोधायला वापरा, आणि पद्धती-विभागात तेवढेच म्हणा.

परीक्षकांपैकी कोणी तरी विचारणारच की मॉडेलने चुकवलेले उतारे तुम्ही वाचले का. तपासणीच्या ५०० उताऱ्यांत मॉडेल आणि तुम्ही जेथे वेगळे पडलात ते पन्नासेक उतारे छापून सोबत न्या.